रोवणीच्या पंधरवड्यातली आडवी बाटली

आयुष्यभर मी अंदाज बांधले आणि ते बरोबर आले. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ देताना साहेबांनी भाषणात हेच सांगितलं, की यांचा आकडा कधी चुकला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नारळ मांडीवर घेऊन खाली बघत बसलो. या अंकाच्या संपादकांना वाटतं, इतकी वर्षं सरकारी टेबलावर काढली म्हणजे गमतीजमती पुष्कळ असतील, त्या लिहा. आहेत, एकदोन सांगतोही. पण खरं लिहायचं आहे ते एका बाईबद्दल, आणि एका अशा अंदाजाबद्दल जो चुकला असता तर मी आज जरा बरा झोपलो असतो.

१९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि मला फायलींच्या दोन लोखंडी पेट्यांसकट इकडे पाठवण्यात आलं. कचेरी कोणती ते लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. नवीन जिल्हा म्हणजे लग्नघराच्या दुसऱ्या दिवसासारखी अवस्था होती, माणसं भरपूर आणि बसायला खुर्ची नाही. माझ्या टेबलाला तीन पाय होते, चौथ्या जागी विटा. त्या टेबलावर बसून मी एकच काम करायचो. पुढच्या वर्षी या जिल्ह्यातून दारूवर, विजेवर आणि शेतजमिनीवर सरकारला किती महसूल मिळेल, याचा गावनिहाय अंदाज करून तो वरती पाठवायचा.

बाहेरच्या माणसाला हे काम निरुपद्रवी वाटतं. अंदाजच तर आहे, चुकला तर चुकला. पण आमच्याकडे अंदाज वरती जातो तेव्हा तो अंदाज असतो, आणि दोन महिन्यांनी खाली येतो तेव्हा त्याचा इष्टांक झालेला असतो. इष्टांक म्हणजे गाठायचाच आकडा. मग तलाठ्यापासून निरीक्षकापर्यंत सगळे त्याच्या मागे लागतात. कागदावर मी जे सहज म्हणून लिहिलं, ते खरं करून दाखवण्यासाठी अख्खा जिल्हा राबतो. माझे आकडे चुकत नसत यामागचं अर्धं गुपित हेच आहे.

उरलेलं अर्धं मात्र माझं स्वतःचं. माझ्या आधीचे बाबू मागच्या वर्षाच्या आकड्यावर थोडं चढवून सही करायचे आणि चहाला जायचे. मला ते जमलं नाही. मी एसटीनं गावोगाव फिरायचो, जिथे एसटी नाही तिथे कुणाची तरी सायकल मागून. विजेचं गणित मला गोंदियातल्या एका राईस मिलवाल्यानं शिकवलं. भारनियमनाचे दिवस होते, मिली निम्मा दिवस बंद असायच्या, आणि वीज शुल्काचा अंदाज कसा करावा ते मला सुचत नव्हतं. तो मला मिलच्या ओट्यावर बसवून म्हणाला, "बाबूजी, बिजली मत देखो, धान देखो. धान रहेगा तो हम डीज़ल पे भी चलाएँगे, बिजली पे भी." तेव्हापासून मी दसऱ्याच्या सुमारास जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या मालगुजारी तलावांचं पाणी बघत फिरू लागलो. तलावात पाणी किती, त्यावर धान किती, धानावर मिल किती चालणार, मिलवर वीज किती. साहेबांनी विचारलं, हा आकडा कशावरून काढला, तर मी म्हटलं तलाव पाहून. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फायलीवर "विविध घटकांचा सर्वंकष विचार करून" असं लिहायला लावलं.

जमिनीचं प्रकरण जरा समजावून सांगावं लागेल. वारशानं मिळालेल्या शेतावर आपल्याकडे वेगळा कर नाही, आणि शेतसारा तर नावापुरता. पण खातेदार मेला की वारसांची नावं सातबारावर चढवायची असतात. ती चढली की मगच जमीन विकता येते, वाटता येते, बिगरशेती करता येते, आणि सरकारला जे काही मिळतं ते तिथून पुढे मिळतं. मेलेल्या माणसाच्या नावावर पडून असलेली जमीन सरकारच्या लेखी झोपलेली असते. आमच्या भागात अशी झोपलेली जमीन अमाप. पोवार समाजाच्या गावात तर आजोबाच्या नावावरच सारा भरण्याची रीत, म्हणजे भावाभावांत वाटण्या होत नाहीत आणि घर एक राहतं. एकदा अशाच एका खातेदाराला नोटीस गेली आणि त्याचा नातू कचेरीत आला. खातेदार स्वतः का नाही आले, असं मी विचारलं. तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "आजा येनार होता जी, पर त्याची तब्येत बरी नाई." आजा जाऊन तीस वर्षं झाली होती.

आम्ही खूप हसलो. मग मी अशा मयत खातेदारांची गावनिहाय यादी करायला घेतली, कारण किती जमीन जागी होईल ते कळल्याशिवाय अंदाज कसा करणार. ती यादी तलाठ्यांकडे गेली, आणि त्या यादीमुळेच इमलाबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

जिल्हा होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. सौंदडहून कोहमाऱ्याकडे जाताना हमरस्त्याला लागून एक गाव आहे, तिथली ती. चाळिशीची, हातात कापडी पिशवी, पिशवीत तलाठ्याची चिठ्ठी. सासरा डोमाजी मरून दहा वर्षं झाली होती आणि रस्त्याकाठची चार एकर धानाची जमीन अजून त्याच्याच नावावर होती. वारस एकच, तिचा नवरा टेकचंद. मला वाटलं नोंद लवकर करून द्या म्हणायला आली असेल, सगळे त्यासाठीच यायचे. मी अर्जाचा नमुना काढायला लागलो, तर तिनं हातानं थांबवलं.

"नोंद नोका करू जी," ती म्हणाली. "सासऱ्याच्या नावानं हाय तवरी तो इकू शकत नाई. नाव चढलं का दारूत घालून देईन."

मी तिला कायदा सांगितला. मेलेला माणूस मालक राहू शकत नाही, कधी ना कधी नोंद होणारच, आणि आता तर वरूनच मोहीम आहे. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पिशवीतून दुसरा कागद काढला. गावातलं देशी दारूचं दुकान बंद करण्याचा अर्ज होता तो, खाली बायकांच्या सह्या आणि अंगठे. पहिला अंगठा तिचाच.

"पयले दुकान बंद होऊ द्या," ती म्हणाली. "मंग सासऱ्याले मारून टाका कागदावर. मी नाई म्हननार नाई."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गावातल्या पुरेशा बायकांनी मागणी केली की सरकार दारूच्या दुकानावर मतदान घेतं, आणि मत फक्त बायकांनी द्यायचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकान राहू द्यायचं तर उभीवर शिक्का, बंद करायचं तर आडवीवर. ऐकायला फार सोपं. मेख अशी, की आडवी बाटली जिंकायला आलेल्या मतांच्या निम्मी मतं पुरत नाहीत, मतदारयादीत जेवढी बायकांची नावं आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे जी आली नाही तिनं उभ्या बाटलीला मत दिल्यासारखंच. लग्न होऊन गेलेली पोरगी, जिचं नाव काढायचं राहिलं, तीही उभ्या बाटलीकडे. मेलेली म्हातारीसुद्धा.

इमलाबाईचं म्हणणं मला पटलं. तिचा मेलेला सासरा गेली दहा वर्षं शेताची राखण करत होता, अजून काही महिने त्यानं केली असती तर सरकार बुडालं नसतं. मी तिच्या गावाची, तलाठ्याकडून परत आलेली मयत खातेदारांची पानं गठ्ठ्यात सगळ्यात खाली सरकवली आणि वर शेरा मारला, दुसऱ्या टप्प्यात घ्यावे. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण कुणाच्या भल्यासाठी वापरायची संधी मला नोकरीत पहिल्यांदाच मिळाली होती. जाताना ती फक्त "बरं जी" म्हणाली, पण मला त्या दिवशी घरी जाताना उगाच छाती फुगल्यासारखं वाटलं.

आता दारूच्या अंदाजाबद्दल. मोहाच्या हातभट्टीवर सरकारला काही मिळत नाही, म्हणून ती आमच्या हिशेबात नव्हती. दुकानातल्या बाटलीचा अंदाज मात्र माझ्याइतका पक्का कुणाचाच नसे. दुकानदाराचे मुनीमही म्हणायचे, "बाबूजी, आपका अंदाजा हमारे गल्ले से भी पक्का है." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. माझी युक्ती पुरुषांकडे न बघता बायकांकडे बघण्याची होती. गावात बाईची मजुरी घरी आली की दोन दिवसांत ते पैसे दुकानात पोहोचतात. बाईला काम कुठे आहे, ती रोज संध्याकाळी घरी येते की बाहेर मुक्कामाला आहे, एवढं कळलं की त्या महिन्यातल्या पेट्या मोजता येतात. हे मी शोधून काढलं तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला होता.

पावसाळ्याच्या तोंडाशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोरच्या खुर्चीत एक गृहस्थ चहा पीत बसले होते, ओळखीचा चेहरा होता, त्या भागातल्या दुकानदारांपैकी कुणाचे तरी मुनीम. साहेबांनी इमलाबाईच्या गावाचं नाव घेतलं आणि सहज विचारलं, की तिथं दारूचा खप सगळ्यात कमी कुठल्या महिन्यात असतो.

एवढंच विचारलं. मी कुठला महिना ते सांगून गप्प बसायचं. पण माणसाला जे येतं ते दाखवायची खाज असते, आणि परका माणूस समोर असेल तर जास्तच. मी म्हटलं, साहेब, महिना कशाला, पंधरवडाच सांगतो. ते गाव तलावाखालचं, त्यांची रोवणी लवकर उरकते. रोपं लावून झाली की तिथल्या बायकांच्या टोळ्या देवरीकडे जातात, तिकडची रोवणी उशिरा लागते. आठ-दहा दिवस तिकडेच शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम. घरात मजुरी येत नाही म्हणून खप पडतो. मी स्वतः देवरीची एसटी पकडून तिकडच्या बांधांवर जाऊन त्या बायका मोजून आलोय, असंही वर सांगितलं. साहेब म्हणाले, कमाल आहे तुमची. मुनीमजींनी कप खाली ठेवला आणि हात जोडले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तीन आठवड्यांनी मतदानाचा आदेश निघाला आणि जावक नोंदवहीत मी तारीख वाचली. नेमका तोच पंधरवडा. साहेबांनी हे मुद्दाम केलं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्यांनी कदाचित कर्मचारी मोकळे कधी आहेत एवढंच पाहिलं असेल, पावसाळ्यात आमच्याकडे कामं कमी असतात. पण मला तारीख वाचताक्षणी सगळं कळलं. मतदानाला आठ दिवस होते. नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागेल, दवंडी होईल, कुणीतरी देवरीला निरोप नेईल, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. मूग गिळून बसायला माणसाला फार कारणं लागत नाहीत, एक पुरतं.

त्यात केंद्रावर माझीच ड्युटी लागली. शाळेच्या खोलीत टेबल, त्यावर यादी, पुठ्ठ्याचा आडोसा, शिक्क्याचं पॅड. समोर पिंपळाखाली पुरुष सकाळपासून बसले होते, त्यांच्यात टेकचंदही होता, दाढी करून, धुतलेला सदरा घालून आला होता. सकाळी म्हाताऱ्या आल्या, बाळंतिणी आल्या, एका आजारी बाईला खाटेवर आणलं. प्रत्येक आलेलीचं नाव मी यादीत रेघ मारून खोडत होतो आणि न खोडलेली नावं मोजत होतो. दुपारी दोननंतर तर कुणी आलंच नाही. पाच वाजता केंद्राध्यक्षांनी घड्याळ बघितलं, बाहेर रांग नाही याची खात्री केली आणि दार लावायला सांगितलं. दार मी लावलं.

टेम्पो आला तेव्हा आम्ही पेटी उघडायच्या तयारीत होतो. मागच्या फाळक्यावरून बायका उतरल्या, गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला, लुगडी कासोट्याला खोचलेली, बांधातून सरळ निघाल्या असणार. सकाळी कुणीतरी मोटारसायकलवर निरोप नेला होता, टेम्पो मिळायला दुपार झाली आणि वाटेत नाल्याला पाणी होतं. पुढे इमलाबाई. तिनं खिडकीच्या गजातून मला बघितलं आणि ओळखलं.

"बाबूजी," ती म्हणाली, "अजून उजेड हाय."

मी म्हटलं, पाच वाजून गेले, नियम आहे. तिनं वाद घातला नाही. दुसऱ्या बायका केंद्राध्यक्षांशी बोलत राहिल्या, काही रडल्या. ती मात्र ओसरीच्या पायरीवर बसून पायाचा चिखल नखानं काढत होती. मोजणी झाली. आडवी बाटली सतरा मतांनी कमी पडली. टेम्पोतून उतरलेल्या बायका बावीस होत्या. पिंपळाखाली कुणीतरी शिट्टी मारली आणि पुरुष उठून दुकानाच्या दिशेनं गेले. टेकचंद बायकोच्या समोरून गेला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. वारस नोंदींच्या मोहिमेचा दुसरा टप्पा आला. इमलाबाई पुन्हा माझ्याकडे आली नाही, आणि गठ्ठ्यात खाली ठेवायला आता कारणही उरलं नव्हतं. डोमाजीच्या नावाला कंस झाला, म्हणजे ते रद्द झालं, टेकचंदचं नाव चढलं. रस्ता चौपदरी होणार अशी तेव्हा बोलवा होती, बाहेरचे लोक कोहमाऱ्याच्या दोन्ही बाजूंनी जमिनी बघत फिरत होते. चार एकर दोन हंगामांत गेली. विकत घेणाऱ्यानं ती बिगरशेती करून घेतली, धानाच्या बांध्यांत मुरूम टाकला, वर ढाबा बांधला, ढाब्याला लागून परमिट रूम, आणि त्यावर लाल-हिरवे दिवे. टेकचंद पुढच्याच वर्षी वारला. पोट फुगलं होतं म्हणे.

त्या वर्षी अंदाज करताना मी गावनिहाय तक्ते जुळवत होतो. जमिनीच्या तक्त्यात त्या गावाची बिगरशेती वाढ दिसली. विजेच्या तक्त्यात एक नवी व्यापारी जोडणी. दारूच्या तक्त्यात परमिट रूमची फी. तिन्ही तक्त्यांत डोमाजीचा तोच एक गट नंबर होता. मी तिथं पेन खाली ठेवलं आणि गट नंबर पुन्हा एकदा ताडून पाहिला. मग आकडे भरले. वर्षअखेर ते तंतोतंत बरोबर आले आणि साहेबांनी माझ्या सेवापुस्तकात चांगला शेरा लिहिला.

इमलाबाई अखेरची भेटली ती माझ्या निवृत्तीला वर्षभर असताना. पार म्हातारी दिसायला लागली होती. तिला डोमाजीच्या नावाचा सातबारा हवा होता, त्याचं नाव होतं तेव्हाचा. मला वाटलं कोर्टकचेरी करायची असेल, म्हणून मी सांगू लागलो की आता काही उपयोग नाही. ती म्हणाली, कोर्टासाठी नको, सासऱ्याचा फोटो कधी काढलाच नव्हता, घरात त्याचं काही नाही, एक कागद तरी राहू दे. मी अभिलेख कक्षातून स्वतः नक्कल आणली. तिला वाचता येत नव्हतं. नाव कुठे आहे ते तिनं विचारलं आणि मी बोट ठेवलं. ती त्या ओळीवर हात फिरवत राहिली.

मला राहवलं नाही. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी तिला सांगितलं, की मतदान कधी घ्यावं हे साहेबांना कळलं ते माझ्यामुळे, तुम्ही बायका कधी गावात नसता ते मीच सांगितलं होतं. मला वाटलं ती शिव्या देईल. खरं म्हणजे तिनं द्याव्यात म्हणूनच सांगितलं होतं. तिनं फक्त विचारलं.

"आमी देवरीकडं हावो, हे तुमाले मालूम होतं?"

हो म्हटलं.

"अन् तारीख?"

आठ दिवस आधी, असं मी म्हटलं.

तिनं कागदाची घडी केली, पिशवीत ठेवली, पिशवीचं तोंड बांधलं. दाराशी जाऊन वळली.

"मंग एक डाव सांगाले काऊन नाई आले जी?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. "येस्टी जाते तिकडं."

जाते. सकाळची असते, तिकीटही फार नव्हतं, आणि उतरायचं कुठे तेही मला ठाऊक होतं. अंदाज करायला मी त्याच एसटीनं जायचो.